चिपचा नकाशा काढणारे सॉफ्टवेअर: युनिक्सवर कसे बसवावे, कसे सुरू करावे

जॅकार्डवर नवी डिझाइन चढवायची म्हणजे आधी ग्राफ कागदावर नक्षी, मग त्या नक्षीप्रमाणे पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके आणि मग पत्त्यांची माळ मागावर, हा क्रम कापडाच्या धंद्यातल्या माणसाला सांगावा लागत नाही. फ्रान्समधील लियाँ शहरात १८०४ च्या सुमारास सुरू झालेली ही रीत आहे. संगणकाची चिपही जवळपास याच क्रमाने बनते. आधी नकाशा, मग नकाशावरून प्रत्येक थराचा काचेचा साचा, मग सिलिकॉनच्या चकतीवर एकावर एक छपाई. हा नकाशा काढण्याचे सॉफ्टवेअर बहुतेक युनिक्स किंवा त्याच घराण्यातल्या लिनक्सवर चालते. ते यंत्रावर कसे बसवावे व सुरू कसे करावे, हा आजचा विषय.

आम्ही कापडाचे व्यापारी. या विषयात आम्ही पडलो ते भाच्यामुळे. तो इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी. चिप डिझाइन शिकविणाऱ्या एका क्लाससाठी आमच्या मेहुण्यांनी दोन माग विकून फी भरली. तिसऱ्या महिन्यात एके सकाळी क्लासमधील सर्व यंत्रांवर एकच संदेश आला, परवाना मिळत नाही. उद्या या, परवा या, असे आठवडाभर चालले. शेवटी कळले की सॉफ्टवेअर विकत घेतलेलेच नव्हते, कुलूप तोडून चालविलेले होते. फी परत आली नाही. भाचा घरी आला आणि म्हणाला, "मामू, हे घरी शिकता येत नाही. सॉफ्टवेअर लाखांचे असते." त्याचे म्हणणे अर्धे खरे होते. उरलेले अर्धे शोधण्यासाठी आम्ही दोघे दुकान वाढविल्यावर रोज दोन तास संगणकापुढे बसू लागलो.

प्रथम परवान्याचे समजून घ्या, कारण फसवणूक तिथेच होते. युनिक्स १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सुरू झाले. पुढे १९८२ साली निघालेल्या सन कंपनीची वर्कस्टेशन म्हणजे टेबलावर मावणारी दमदार यंत्रे आली आणि १९९० च्या दशकात चिपचे पुष्कळ काम अशाच यंत्रांवर झाले. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. आता तेच काम साध्या संगणकावर लिनक्स घालून होते. कॅडन्स किंवा सिनॉप्सिससारख्या मोठ्या कंपन्यांचे सॉफ्टवेअर यंत्रावर उतरविले म्हणजे चालू होते असे नाही. एका यंत्रावर परवान्याचा पहारेकरी म्हणून वेगळा प्रोग्राम बसवावा लागतो. त्याच्याजवळ परवान्याची फाइल असते. तीत यंत्राचा ओळख क्रमांक, कोणता माल किती जणांना वापरू द्यायचा आणि मुदत कधी संपते, हे लिहिलेले असते. गोदामाच्या पाच चाव्या असतील तर सहावा माणूस दारात उभा राहतो, तसेच हे.

जुन्या सन यंत्रांत हा ओळख क्रमांक एका बारक्या चिपमध्ये ठेवलेला असे आणि तिच्या पोटातच बॅटरी असे. साधारण दहा वर्षांनी बॅटरी मेली की यंत्र आपले नावच विसरे, आणि पैसे मोजून घेतलेला परवानाही नाकारला जाई. असे भंगारातले यंत्र "वर्कस्टेशन आहे" म्हणून कोणी विकायला आणले तर आधी हे विचारावे.

म्हणून क्लासला फी देण्यापूर्वी एवढेच म्हणा: परवान्याची फाइल उघडून दाखवा. ती साध्या अक्षरांची असते, कोणालाही वाचता येते. मुदतीची तारीख व संख्या पाहा. चोरीचा तागा कितीही स्वस्त मिळाला तरी आपण दुकानात ठेवत नाही. सॉफ्टवेअरलाही तोच हिशेब लागू आहे.

आता उरलेले अर्धे. मॅजिक नावाचे एक सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात १९८० च्या दशकाच्या आरंभी जॉन ऑस्टरहाउट व त्यांच्या विद्यार्थ्यांनी ते लिहिले. तेव्हापासून ते मोफत आहे, त्याची मूळ लिखावटही खुली आहे आणि त्यात आजही दुरुस्त्या होत असतात. त्याला पहारेकरी नाही, परवान्याची फाइल नाही. दुकानात हिशेबासाठी ठेवलेल्या संगणकावर आम्ही उबुंटू नावाचे लिनक्स घातले आणि त्यावर मॅजिक बसविले. विंडोज काढायचे नसेल तर विंडोज ११ च्या पोटात लिनक्स चालविण्याची सोय आहे, तीही पुरते.

बसविण्याचे दोन मार्ग आहेत. उबुंटूच्या भांडारातून एका आज्ञेत मॅजिक येते, पण ते बऱ्याचदा जुने असते आणि नव्या नियमावल्या त्याला झेपत नाहीत. दुसरा मार्ग म्हणजे मूळ लिखावट उतरवून आपल्याच यंत्रावर ती बांधणे. यासाठी तीन आज्ञा क्रमाने द्याव्या लागतात: कॉन्फिगर, मेक आणि मेक इन्स्टॉल. कॉन्फिगर म्हणजे यंत्राने आपल्याजवळ काय सामान आहे ते तपासणे. इथे घाई करू नये. टीसीएल व टीके या दोन संचांच्या "डेव्ह" आवृत्त्या, पडद्यावर चित्र काढणाऱ्या एक्स विंडोच्या व कैरोच्या तशाच आवृत्त्या, आणि एम-फोर व टी-सी-शेल ही छोटी साधने आधी बसवून घ्यावीत. आम्ही पहिल्या वेळी टीसीएलची विसरलो. कॉन्फिगर थांबले नाही, मुकाट्याने पुढे गेले आणि जुन्या वळणाचे मॅजिक बांधून मोकळे झाले. आज्ञा लिहिण्याची खिडकीच आली नाही. दोन रात्री आम्ही मॅजिकला दोष देत होतो. कॉन्फिगर शेवटी काय मिळाले व काय नाही याचा गोषवारा छापते. तो बिलासारखा ओळ न् ओळ वाचावा.

आमचे शिक्षण उर्दू माध्यमात झाले. उर्दू लिहिताना दोन शब्दांत मोकळी जागा कमीजास्त झाली तरी वाचणारा अडत नाही. युनिक्स अडते. एक मोकळी जागा जास्त पडली की त्याच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. इंग्रजीची मोठी लिपी व लहान लिपी हीसुद्धा त्याला वेगळी अक्षरे वाटतात. आमच्या पहिल्या पंधरा दिवसांतील बहुतेक चुका एवढ्याच होत्या.

मॅजिक बसले, पण ते रिकामा माग आहे. कोणत्या कारखान्यात चिप छापायची त्या कारखान्याची नियमावली त्याला द्यावी लागते. तिला पीडीके म्हणतात. पूर्वी ही नियमावली गुप्त कराराशिवाय मिळत नसे. २०२० मध्ये गूगल व अमेरिकेतील स्कायवॉटर कारखाना यांनी १३० नॅनोमीटरची नियमावली सर्वांसाठी खुली केली, आणि आमच्यासारख्यांना दार उघडले ते तिथे. ती उतरविण्यासाठी सिएल नावाचे साधन आहे. नियमावली काही जीबीची असते, म्हणून रात्री लावून झोपावे.

नंतर मॅजिकला नियमावलीचा पत्ता सांगायचा. त्यासाठी शेलमध्ये म्हणजे आज्ञा स्वीकारणाऱ्या खिडकीत "पीडीके रूट" नावाचे चल ठेवतात. बॅश शेल असेल तर त्यासाठी एक्सपोर्ट ही आज्ञा, जुन्या सी-शेलमध्ये सेट-एनव्ही. दोन शब्दांमध्ये मोकळी जागा नसते, खालची आडवी रेघ असते. खिडकी बंद केली की ते पुसले जाते, म्हणून बॅशची सुरुवातीची फाइल असते तीत ही ओळ लिहून ठेवावी. दुसरे, नियमावलीच्या आत मॅजिकच्या कप्प्यात मॅजिक-आरसी नावाची फाइल असते. तिची प्रत आपल्या कामाच्या फोल्डरमध्ये ठेवून नावाआधी टिंब द्यावे. टिंबाने सुरू होणारी फाइल साध्या यादीत दिसत नाही. भाच्याला वाटले ती हरवली, आणि त्याने चार वेळा प्रत केली.

आता खिडकीत मॅजिक लिहा, त्यापुढे उणे डी आणि एक्स-आर. दोन खिडक्या उघडतात, एक आज्ञांची व एक नकाशाची. बाजूला रंगांची लांब पट्टी दिसली तर नियमावली मिळाली असे समजा. पट्टीवर मोजकेच रंग असतील तर मॅजिकने आपली "मिनिमम" नावाची नाममात्र नियमावली उघडली आहे. आरसी फाइल किंवा पत्ता चुकला. "आज्ञा सापडली नाही" असे आले तर मॅजिक जिथे बसले तो रस्ता पाथमध्ये नाही. "डिस्प्ले उघडता येत नाही" असे आले तर एक्स विंडो नाही. दूरच्या यंत्रावर एसएसएचने गेला असाल तर उणे मोठा एक्स लावायला विसरला आहात.

नकाशाच्या खिडकीत माउसच्या डाव्या बटणाने चौकटीचा खालचा डावा कोपरा ठरतो, उजव्याने वरचा उजवा. रंगावर जाऊन मधले बटण दाबले की चौकट त्या रंगाने भरते. हिरवा पट्टा डिफ्यूजनचा, लाल पॉलिसिलिकॉनचा. हिरवा पट्टा आडवा काढून त्यावरून लाल उभा नेला की जिथे ते एकमेकांना छेदतात तिथे ट्रान्झिस्टर तयार होतो. वेगळा काढावा लागत नाही. ताणा आणि बाणा जिथे भेटतात तिथेच कापड होते. भाचा हे तीन वर्षे पुस्तकात वाचत होता. त्या रात्री त्याने ते काढले आणि बराच वेळ नुसता पाहत बसला.

मॅजिकचा मोठा गुण असा की नियम मोडला तर काम संपण्याची वाट पाहत नाही. रेघ अरुंद झाली किंवा दोन रेघा फार जवळ आल्या की त्या जागी लगेच पांढरे ठिपके उमटतात. त्यावर चौकट ठेवून "डीआरसी व्हाय" विचारले की कारण सांगते. स्कायवॉटरच्या नियमात लाल पट्टी ०.१५ मायक्रोमीटरपेक्षा अरुंद चालत नाही. चाळीस काउंटचा सुती धागा साधारण ०.१४ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे आपला बारीक समजला जाणारा धागा या पट्टीच्या जवळजवळ हजारपट जाड.

काढलेला नकाशा सेव्ह आज्ञेने ठेवावा. त्यातून वीजजोडणी उकलून एनजीस्पाइस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती चालवून पाहता येते. एनजीस्पाइस शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचे ईसिम उपयोगी आहे. मोठ्या कंपन्यांचे सॉफ्टवेअरही सरळ मार्गाने मिळू शकते. २०२२ पासूनच्या केंद्र सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत बेंगळुरूच्या सी-डॅकमधील चिपइन केंद्र सहभागी कॉलेजांना ते वापरू देते. मुलाचे कॉलेज त्यात आहे का, हे विभागप्रमुखांना भेटून विचारावे.

चिप प्रत्यक्ष छापून घ्यायची असेल तर एका कंटेनरमध्ये दहा व्यापाऱ्यांचा माल जावा तशी अनेकांची डिझाइन एका चकतीवर छापतात. टायनी टेपआउट अशी सोय करते. अशीच सोय करणारी ईफॅबलेस कंपनी २०२५ मध्ये बंद पडली, म्हणून आगाऊ पैसे भरताना छपाई कोणत्या कारखान्यात आणि कधी, हे लेखी घ्यावे. भाच्याचा इन्व्हर्टर अजून छापायला गेलेला नाही. सध्या त्यात पांढरे ठिपके तीन उरले आहेत.