पैशाची अडचण नसती तर : गुलाबी बोंडअळीवरील एक प्रयोग

समजा, 'पैसा आणि उपकरणे हवी तेवढी घ्या, पण जीवशास्त्रातले एकच संशोधन करा,' असे कोणी म्हटले, तर तुम्ही काय निवडाल? मी भौतिकीचा शिक्षक. पण भोकरदनच्या कापूसपट्ट्यात राहत असल्याने माझी निवड ठरलेली आहे : गुलाबी बोंडअळी.

ही अळी बोंडात शिरून सरकी खाते. आत शिरली की फवारणी तिच्यापर्यंत पोचत नाही. आपल्या देशात बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. त्यातील विषाला ही अळी पुढे दाद देईनाशी झाली आणि २०१७ च्या हंगामात महाराष्ट्रातील शेतकऱ्यांचे मोठे नुकसान झाले.

माझा प्रयोग असा. या अळीचे कोट्यवधी पतंग कारखान्यात वाढवायचे, कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी त्यांना वंध्य करायचे आणि विमानातून कपाशीवर सोडायचे. (लासलगावला कांद्याला मोड येऊ नयेत म्हणून हेच किरण वापरतात.) रानातल्या मादीला वंध्य नर भेटला की तिची अंडी फुकट जातात.

आता गणित पाहा. रानात १० लक्ष पतंग आहेत आणि आपण दर पिढीला ९० लक्ष वंध्य पतंग सोडतो. म्हणजे रानातल्या दहा माद्यांपैकी एकीचीच अंडी फळतील. एरवी पतंग दर पिढीला पाचपट होतात असे धरले, तर १० लक्षांचे ५ लक्ष उरतील. पुढच्या पिढीत वंध्यांचे प्रमाण आपोआप वाढलेले असेल! मग सुमारे १.३ लक्ष, मग साडेनऊ हजार, मग अवघे ५०. किरणांनी पतंग थोडा दुबळा होतो, त्यामुळे प्रत्यक्षात याहून अधिक सोडावे लागतात. पण औषधाला न सापडणारी शेवटची मादी येथे वंध्य नरच शोधून काढतो, ही खरी गंमत.

ही कल्पना अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निपलिंग यांची. १९५४ साली कुरासाव बेटावर, गुरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या माशीवर ती यशस्वी झाली. अमेरिकेतील ॲरिझोनात २००६ ते २००९ या काळात बोंडअळीचे दोनशे कोटींहून अधिक वंध्य पतंग सोडले गेले. अळ्यांच्या खाद्यात तांबडा रंग मिसळत. त्यामुळे सापळ्यातला पतंग कारखान्यातला की रानातला, हे कळे. २०१८ साली अमेरिकेने आपला कापूस या किडीपासून मुक्त झाल्याचे जाहीर केले.

मात्र तेथे बीटी कापूस अजून लागू पडत होता, शिवाय कपाशीचे पट्टे वाळवंटाने तोडलेले होते. आपल्याकडे भोकरदनपासून सिल्लोड-जाफराबादपर्यंत शेताला शेत लागून. एका शेतातली कीड संपली तरी शेजारच्या फरदडीतून किंवा बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांतून पतंग पुन्हा येणारच. म्हणून माझा पहिला पैसा विमानावर जाणार नाही. रंगवलेले थोडे वंध्य पतंग येथे सोडून, तिन्ही तालुक्यांत हजारो सापळे लावून, ते किती दूर जातात ते मी आधी मोजीन.

यातला एक तुकडा तुमच्या शाळेलाही करता येईल. कामगंध सापळ्यात मादीच्या गंधासारखे रसायन असते. फसतात ते नर. एका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असे लागोपाठ तीन रात्री आले की उपाय सुरू करावा, असे कापूसतज्ज्ञ सांगतात. गावाच्या चार दिशांना चार सापळे लावा. रोज सकाळी पतंग मोजा आणि तारीख, संख्या व वाऱ्याची दिशा वहीत लिहा.