पडद्यावरील कोष्टक आणि हरवलेली ओळ

तंजावर जिल्ह्यातील पापनाशम हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातशेतीचा तालुका. तेथे गावोगावी ‘अडंगल’ नावाची नोंदवही असते. कोणत्या सर्व्हे नंबरात कोणते पीक उभे आहे, हे तीत लिहितात; आपल्याकडील गाव नमुना १२ चे ते तामिळ भावंडच म्हणावे. पीकविम्यासाठी तिचा उतारा मागितला जातो. तेव्हा एक ओळ चुकली तर एका शेतकऱ्याचे नुकसान होऊ शकते.

अशी वही संगणकावर भरण्यासाठी कोणी आज्ञावली लिहू लागला, असे समजू. पडद्यावर तो ओळी व रकाने असलेले एक तयार कोष्टक मांडील. त्यास ‘डेटाग्रिड’ म्हणतात. मायक्रोसॉफ्टच्या डॉट नेट संचात २००५ साली आलेले ‘डेटाग्रिडव्ह्यू’ हे त्यांपैकी बहुपरिचित होय, आणि आज्ञावलीकारांच्या तक्रारीही त्याविषयी पुष्कळ आहेत.

तंजावरच्या भोसले दरबारातील कारकून बोरूने मोडीत आकडा लिही, तो तत्क्षणी कागदावर उमटे. डेटाग्रिडमध्ये मात्र आकड्याला चार मुक्काम करावे लागतात. टंकलेला मजकूर प्रथम केवळ त्या घरात असतो. घर सोडले की तो संगणकाच्या स्मृतीतील तक्त्यात जातो, पण कच्चा म्हणून. ओळ सोडली की तेथे पक्का होतो. त्यानंतर जतन करण्याची आज्ञा दिली, तरच तो कायमच्या साठ्यात पोहोचतो.

आता लेखनिकाने शेवटच्या ओळीत ‘कुरुवै भात’ असे लिहिले आणि तेथून न हलता वरच्या पट्टीवरील ‘जतन करा’ हे बटण दाबले. साधे बटण दाबताच कोष्टकाकडील ताबा बटणाकडे जातो व मजकूर पुढे सरकतो. परंतु ‘टूलस्ट्रिप’ नामक पट्टीवरील बटण हा ताबा घेतच नाही! परिणामी बाकी सर्व ओळी जतन होतात, शेवटची तेवढी राहते. चुकीचा इशारा मिळत नाही. पडद्यावर ‘कुरुवै भात’ दिसतच असते. दुसऱ्या दिवशी तेथे जुनीच नोंद पाहून आज्ञावलीकार बिचारा दोष साठ्यात शोधीत बसतो. वस्तुतः जतन करण्यापूर्वी ‘व्हॅलिडेट’ व ‘एंडएडिट’ या दोन आज्ञा दिल्या की काम भागते. तयार साधनाने रचलेल्या आज्ञावलीत त्या आपोआप येतात. हाताने लिहिणारा त्या विसरतो.

क्रम लावतानाही असाच घोटाळा होतो. ‘१२/२अ’ असा सर्व्हे नंबर अक्षरे म्हणूनच ठेवावा लागतो, आणि अक्षरांच्या क्रमाने १०० हा १२ च्या आधी येतो. शिवाय क्रम बदलल्यावर पडद्यावरील तिसरी ओळ ही तक्त्यातील तिसरी राहीलच असे नाही. ओळीचा अनुक्रमांक पाहून नोंद खोडणारी आज्ञावली भलत्याच शेताची नोंद खोडते.

नोंदी लाखांवर गेल्या की कोष्टक संथ होते. त्यासाठी ‘व्हर्च्युअल मोड’ ही पद्धत आहे. तीत कोष्टक स्वतःजवळ नोंदी ठेवीत नाही. दिसणाऱ्या घरांपुरता मजकूर आज्ञावलीकडे मागते. लिहिलेले सांभाळण्याचे काम मात्र मग सर्वस्वी आज्ञावलीकाराकडे येते.