गाडी उभी आहे, मग विमा कशाला?

मैत्रिणींनो, कितीतरी घरांपुढची गाडी वर्षातले चार-सहा महिने जागेवरच उभी असते. कधी घरधनी कामासाठी मुंबईला गेलेले असतात, कधी चालवायला माणूस मिळत नाही, कधी पावसाळ्यात धंदाच बसलेला असतो. नेमकं तेव्हाच विमा भरायची तारीख येते आणि घरात कुणीतरी म्हणतं, "गाडी हलत नाही, मग हप्ता कशाला भरायचा?" प्रश्न बरोबर आहे. पण उत्तर देण्याआधी, गटाचा हिशेब करतो तसा याचाही हिशेब करू या.

विम्याचे दोन भाग

पॉलिसीच्या कागदावर दोन रकमा वेगळ्या लिहिलेल्या असतात.

१. थर्ड पार्टी : आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचा जीव गेला, इजा झाली किंवा नुकसान झालं, तर त्याची भरपाई. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने हा भाग सक्तीचा आहे. याचा दर सरकार ठरवतं, त्यामुळे यात घासाघीस चालत नाही.

२. ओन डॅमेज : आपल्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर. हा भाग ऐच्छिक आहे. पण कर्जावरची गाडी असेल तर हा विमाही चालू ठेवायची अट बँक सहसा घालते. आधी कर्जाचा कागद बघा.

नव्या कारला २०१८ पासून थर्ड पार्टी तीन वर्षांची मिळते. त्यामुळे दोन्ही भागांच्या शेवटच्या तारखा वेगळ्या असू शकतात. दोन्ही तारखा वहीत लिहून ठेवा.

बंद ठेवल्याने किती वाचतं?

समजा, एका ताईच्या घरी १२०० सीसीची कार आहे. पाच वर्षांत एकदाही क्लेम घेतलेला नाही, म्हणून ओन डॅमेजवर ५० टक्के नो क्लेम बोनस, म्हणजे सूट, मिळते. ओन डॅमेजचा मूळ हप्ता ६,००० धरला तर सूट जाऊन ३,००० भरायचे. थर्ड पार्टीचे, जून २०२२ पासूनच्या दराने, ३,४१६. एकूण ६,४१६ रुपये (कर सोडून).

आता विमा पाच महिने बंद ठेवला, तर साधारण २,६७३ रुपये वाचले.

पण मुदत संपल्यापासून ९० दिवसांत ओन डॅमेजचं नूतनीकरण झालं नाही, तर बोनस जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरुवात होते. पहिल्या वर्षी सूट नाही. पुढे क्लेम न घेतल्यास २०, २५, ३५, ४५ टक्के, आणि मग कुठे पुन्हा ५०. मूळ हप्ता तेवढाच धरला, तर जास्तीचे पैसे असे जातात : ३,००० + १,८०० + १,५०० + ९०० + ३०० = ७,५०० रुपये.

वाचले २,६७३, गेले ७,५००. फक्त थर्ड पार्टी भरली तरी बोनस टिकत नाही, कारण तो ओन डॅमेजवरचा आहे. शिवाय खंड पडल्यावर नवीन पॉलिसी देण्याआधी कंपनी गाडीची तपासणी मागते.

उभ्या गाडीलाही धोका असतो

जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा दारात उभ्या असलेल्या गाड्याही बुडाल्या. झाड पडतं, चोरी होते, आग लागते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे "फक्त एकदाच बाहेर काढू". रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असतं, पुतण्या गाडी काढतो आणि अपघात होतो. विमा नसेल तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण खरा घाव भरपाईचा बसतो. कोर्टाने लाखांत ठरवलेली रक्कम गाडीच्या मालकाला स्वतः भरावी लागते. त्यात शेत-घर जाऊ शकतं. आणि रस्त्याकडेला किंवा देवळापुढच्या पटांगणात उभी केलेली गाडीही कायद्याने सार्वजनिक जागेतच असते, हे विसरू नका.

मग खर्च कसा कमी करायचा?

• गाडी सलग दोन महिने किंवा जास्त काळ बंद जागेत उभी राहणार असेल, तर आधीच कंपनीला लेखी कळवा आणि 'वाहन वापरात नाही' या सवलतीची विचारणा करा. मंजूर झाली तर त्या काळाचा काही हप्ता पुढच्या नूतनीकरणात वळता होतो. पण त्या काळात अपघाताचं आणि थर्ड पार्टीचं संरक्षण थांबतं. चोरी, आग अशा ठरलेल्या धोक्यांचंच उरतं. म्हणून किल्ली कुलपात ठेवा आणि गाडी बाहेर काढण्याआधी विमा पुन्हा चालू करून घ्या. मागच्या तारखेने ही सवलत मिळत नाही.

• गाडी थोडीफार चालणार असेल, तर किलोमीटरप्रमाणे हप्ता असलेल्या योजनेची चौकशी करा. अशा योजनांना २०२२ पासून परवानगी आहे.

• जुन्या पॉलिसीतली जादा कव्हरं तपासा. नको असलेली नूतनीकरणाच्या वेळी काढायला सांगा.

• किरकोळ ओरखड्यासाठी क्लेम घेण्याआधी, बोनस किती जाईल ते मोजा.

• गाडी विकणार असाल तर बोनसचं पत्र मागून घ्या. बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. ते पत्र तीन वर्षांपर्यंत आपल्या दुसऱ्या गाडीला वापरता येतं.

पुढच्या बैठकीसाठी

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी पॉलिसीचा कागद आणावा. सगळ्यांनी मिळून चार गोष्टी शोधा : थर्ड पार्टीची शेवटची तारीख, ओन डॅमेजची शेवटची तारीख, बोनसचा टक्का, आणि मालक म्हणून कुणाचं नाव आहे. ताई, गाडी तुमच्या नावावर असेल तर भरपाईची नोटीसही तुमच्याच नावाने येते. म्हणून हा कागद पुरुषांच्या फाईलमध्ये न राहता तुमच्या डोळ्यांखालून जायला हवा.