कर्जासोबत विमा: अंगठ्याआधी विचारा

ब्रिटनमध्ये बँकांनी कर्जासोबत अनेकांच्या गळ्यात नको असलेला विमा मारला. २० एप्रिल २०११ रोजी बँकांची संघटना लंडनच्या उच्च न्यायालयात हरली. मे महिन्यात तिने अपिलाचा विचार सोडला आणि बँका भरपाई देऊ लागल्या. पण ती मुख्यतः तक्रार करणाऱ्यांनाच मिळाली.

सेनगाव तालुक्यातील बंधू-भगिनींनो, यातून आपण शिकूया:

१. अंगठा देण्याआधी कागद वाचून घ्या. विम्याचे किती पैसे कापणार ते विचारा.
२. पीकविमा २०२०च्या खरिपापासून कर्जदारालाही ऐच्छिक आहे.
३. आयुर्विमा नको असेल तर पॉलिसी मिळाल्यापासून ३० दिवसांत परत करता येते.
४. बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीसाठी फोन १४४४८.

मागितल्याशिवाय हक्काचा पैसा घरी येत नाही.