मूळव्याध आणि मलमाची मर्यादा

दापोली तालुक्यातील आंजर्ले येथे खाडीवर पूल होण्यापूर्वी पलीकडे जाण्यासाठी तरीची वाट पाहावी लागे. पूल झाल्याने ती अडचण दूर झाली. परंतु मूळव्याधीच्या रुग्णास वैद्यकीय अधिकाऱ्यापर्यंत पोहोचू न देणारा दुसरा अडथळा अद्याप कायम आहे, तो म्हणजे संकोच. असा रुग्ण घरातही काही बोलत नाही. औषधाच्या दुकानात जाऊन तो दबक्या आवाजात मलमाची नळी मागतो आणि उपचार झाला असे मानतो.

गुदद्वाराजवळील रक्तवाहिन्यांच्या गाद्या सुजून खाली सरकल्या म्हणजे मूळव्याध होते. बद्धकोष्ठता, शौचाच्या वेळी कुंथणे व गरोदरपण ही तिची नेहमीची कारणे होत. बाहेरचे मोड दुखतात. आतले मोड मात्र बहुधा दुखत नाहीत. त्यांतून केवळ लालभडक रक्त जाते.

मलमाने काय साधते? त्यातील लिग्नोकेनमुळे भाग बधिर होऊन वेदना कमी होतात. झिंक ऑक्साइड त्वचेवर संरक्षक थर धरते. काही मलमांत हायड्रोकॉर्टिसोनसारखे स्टेरॉइड असते. त्यामुळे सूज व खाज उतरते, तथापि सात दिवसांहून अधिक काळ वापरल्यास त्वचा पातळ होऊ शकते. म्हणून असे मलम डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गर्भवती स्त्रियांनी तर कोणतेही मलम विचारल्याशिवाय वापरू नये. बद्धकोष्ठतेवर मात्र यांपैकी कोणत्याही मलमाचा उपयोग नाही, आणि ती राहिली की मोड पुन्हा डोके वर काढतात.

तिच्यावरील उपाय स्वयंपाकघरात आहे. कोकणात भात व मासे हे मुख्य अन्न. त्याला पालेभाजी, कुळीथ, फळे आणि भरपूर पाणी यांची जोड हवी. परसातल्या सुरणाला तर संस्कृतात 'अर्शोघ्न', म्हणजे मूळव्याधीचा नाश करणारा, असेच नाव आहे. नावाइतका गुण त्यात आहे असा दावा करता येणार नाही, पण चोथा आहे. आमसूल घालून नीट शिजवावा, नाहीतर घसा खाजतो. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसल्यानेही आराम पडतो. शौचाला फार वेळ बसून राहू नये.

रक्त जाऊ लागल्यास मात्र तपासणी अवश्य करून घ्यावी. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगातही रक्त जाते आणि प्रारंभी दुखत नाही. 'मूळव्याधच असणार' असे समजून मलमावर काढलेले महिने तेथे महाग पडतात. पंचेचाळिशीनंतर प्रथमच रक्त दिसणे, शौचाची सवय बदलणे, वजन घटणे, थकवा वा फिकटपणा येणे यांपैकी काहीही आढळल्यास विलंब करू नये. काळपट, डांबरासारखे शौच झाल्यास किंवा रक्तस्राव थांबत नसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. बोटाने करावयाची तपासणी काही मिनिटांची असते. स्त्रियांनी स्त्री डॉक्टरची मागणी करावी. त्यात गैर काही नाही. मलम आधीच वापरले असल्यास त्याची नळी सोबत न्यावी, म्हणजे त्यात काय होते ते डॉक्टरांना कळेल.