आर्ट थेरपिस्ट व्हायचंय, पण आधी कोणती डिग्री?

बारावीचे निकाल लागले की समुपदेशनाला येणाऱ्या पालकांकडून हल्ली एक नवा प्रश्न ऐकू येतो. “हिला चित्रं काढायला आवडतात, सायकॉलॉजीही आवडतं. कुठेतरी रील पाहिलं आणि आता आर्ट थेरपिस्ट व्हायचं म्हणते. यात काही दम आहे का?” कधी चित्रांच्या जागी नाच असतो, कधी बागकाम. बाबांच्या फोनवर एक जाहिरातही आलेली असते: दोन दिवसांत सर्टिफाइड थेरपिस्ट, आज नाव नोंदवलं तर फीमध्ये सूट.

क्षेत्रात दम नक्की आहे. जाहिरातीचं काय करायचं ते पुढे बघू.

कलेचा आणि निसर्गाचा मनाच्या उपचाराशी संबंध काल-परवाचा नाही. एड्रियन हिल हा इंग्रज चित्रकार क्षयरोगाच्या सॅनटोरियममध्ये पडून असताना स्वतःसाठी चित्रं काढू लागला, मग इतर रुग्णांनाही काढायला लावू लागला. ‘आर्ट थेरपी’ हे नाव त्याने १९४२ साली दिलं. निसर्गाच्या बाजूने रॉजर उलरिच यांचा १९८४ चा अभ्यास सगळेच सांगतात. पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास चांगला आहे, पण एवढ्यावरून जंगलात फिरून डिप्रेशन बरं होतं असं कुणी सांगू लागलं, तर तिथे कान टवकारावेत.

आता डिग्रीकडे येऊ. माझ्या मते सगळ्यात भक्कम आणि सगळ्यात दुर्लक्षित रस्ता आहे ऑक्युपेशनल थेरपीचा. हातांना काम देऊन माणसाला पुन्हा रोजच्या जगण्यात आणायचं, हाच या शास्त्राचा मूळ विचार. विणकाम, सुतारकाम, बागकाम ही त्याची पहिली साधनं. या विषयाची भारतातली पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू केली, ती कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन, लग्नाआधीच्या एलिझाबेथ लंडी. फलटणचं कमला निंबकर बालभवन अनेकांना माहीत असतं, पण ते ज्यांच्या नावाचं आहे त्या बाईंचं हे काम फार कमी पालकांच्या कानावर आलेलं असतं. आज मुंबईत केईएम, सायन, नायर आणि नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात हे शिक्षण मिळतं. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी हवं आणि प्रवेश नीटच्या गुणांवर, सीईटी सेलच्या फेऱ्यांमधून. अभ्यासक्रमाचा कालावधी आणि नियम सध्या बदलत आहेत, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचा. शेजारच्या ताईच्या वेळचं ऐकू नका.

डिग्रीचा एवढा आग्रह कशाला, हे एका उदाहरणाने सांगतो. मानसिक रुग्णालयाच्या आवारात रोपवाटिका आहे असं समजा. पन्नाशीचा एक रुग्ण प्लॅस्टिकच्या पिशवीत माती आणि शेणखत भरून रोप लावतोय. बघणाऱ्याला वाटेल, छान वेळ जातोय. थेरपिस्ट मात्र बघत असते की माती, रोप, पाणी हा क्रम त्याच्या लक्षात राहतो का, किती मिनिटांनी तो उठून जातो, शेजाऱ्याकडे झारी मागतो की मुकाट बसून राहतो, हात थरथरतो तो औषधामुळे का. आणि तो लिथियमवर असेल, तर नागपूरच्या मे महिन्यातल्या उन्हात त्याला तासभर बसवायचं नाही, हेही तिला माहीत असतं. घाम फार जाऊन शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं, की रक्तातलं लिथियम वाढून विषबाधेपर्यंत वेळ येऊ शकते. मनोविकारावरच्या काही औषधांनी कातडी उन्हात लवकर भाजते. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये हे कुणी शिकवत नाही.

दुसरा रस्ता मानसशास्त्राचा. बीए, मग एमए. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेलाच अभ्यासक्रम लागतो. आजवर ती एम.फिल. होती, आता तिची जागा नवे अभ्यासक्रम घेत आहेत. नोकरी करणाऱ्या अनेक पालकांचा लाडका पर्याय, म्हणजे घरबसल्या दूरशिक्षणातून एमए सायकॉलॉजी, यूजीसीने २०२५ च्या सत्रापासून बंद केला आहे. कुणी अजूनही विकत असेल तर चार हात लांब राहा.

पायाभूत पदवीनंतर कलेचं प्रशिक्षण घ्यावं. पुण्यात वर्ल्ड सेंटर फॉर क्रिएटिव्ह लर्निंग ही संस्था आर्ट्स बेस्ड थेरपी शिकवते, मुंबईत सेंट झेवियर्समध्ये एक्स्प्रेसिव्ह आर्ट्स थेरपीचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. केंद्राच्या २०२१ च्या आरोग्य व्यावसायिकांविषयीच्या कायद्यात कला आणि नृत्य-हालचालींवर आधारित थेरपिस्टचा उल्लेख आहे. नोंदणीची घडी मात्र अजून पुरती बसलेली नाही. ब्रिटनमध्ये ‘आर्ट थेरपिस्ट’ ही पदवी नावापुढे लावायला सरकारमान्य नोंदणी लागते, ती नसताना लावणं गुन्हा आहे. पुढेमागे तिकडे जायचा विचार असेल तर हे आजच ध्यानात ठेवा. झाडं-मातीची ओढ असलेल्यांनी राहुरी, अकोला, परभणी, दापोलीच्या कृषी विद्यापीठांमधला उद्यानविद्येचा अभ्यासक्रम किंवा आर्किटेक्चरनंतर लँडस्केपचा विचार करावा. रुग्णालयाची बाग आखणारा माणूसही याच कामात असतो, फक्त रुग्णासमोर बसत नाही.

पैशाचं स्पष्ट बोलू. सुरुवातीला कमी मिळतात. बहुतेकांचा आठवडा तुकड्यांनी बनतो: दोन दिवस विशेष मुलांची शाळा, एक दिवस वृद्धाश्रम, एक व्यसनमुक्ती केंद्र, उरलेल्या वेळात खासगी काम. ज्याच्याकडे ऑक्युपेशनल थेरपीची किंवा मानसशास्त्राची पक्की पदवी आहे, त्याला निदान रुग्णालयात किंवा शाळेत नोकरी धरून बाकीचं करता येतं. फक्त सर्टिफिकेट असलेला वर्कशॉप घेत फिरत राहतो.

मुलांसाठीही एक अवघड प्रश्न आहे. स्वतःच्या बऱ्यावाईट दिवसांत चित्रांनी आधार दिला, म्हणून हे क्षेत्र निवडावंसं वाटणं स्वाभाविक आहे. पण दुसऱ्याच्या दुःखापाशी रोज बसणं हे वेगळं काम आहे. त्यात तुमचं चित्र छान येण्याला काही किंमत नसते. समोरच्याने कागद फाडला तरी तुम्हाला शांत राहायचं असतं. सहा महिने दर शनिवारी जवळच्या विशेष शाळेत किंवा वृद्धाश्रमात जाऊन बघा. तिसऱ्या महिन्यात कंटाळा येतो का, हे तिथे आपोआप कळतं. आणि सध्या स्वतःच फार त्रासात असाल, तर करिअरची निवड थोडी थांबू शकते. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

राहिली ती जाहिरात. कुठल्याही कोर्सची फी भरण्याआधी पालकांनी संस्थेला फोन करून विचारावं: प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास काम करायला मिळेल, त्यावर देखरेख कोण करणार, त्या व्यक्तीची स्वतःची पदवी काय, आणि शिकून गेलेल्या दोन जणांशी बोलता येईल का. “आधी ॲडमिशन घ्या, मग सगळं सांगतो” असं उत्तर आलं, तर फोन ठेवून द्या.