गरम भांड्यांसाठी काथ्याची चुंबळ

गरम पातेले थेट टेबलावर ठेवल्यास लाकडाचे पॉलिश पांढरे पडते व त्यावर डाग उमटतो. हे टाळण्यासाठी बुचाची चकती उपयुक्त ठरते. बुचाच्या सूक्ष्म कोशांत हवा कोंडलेली असते. हवा उष्णतेची मंदवाहक असल्याने आच खाली सावकाश उतरते. परंतु हे बूच म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या एका ओक वृक्षाची साल होय. ती साधारणतः दर ९ वर्षांनी काढतात. तिचे सर्वाधिक उत्पादन पोर्तुगालमध्ये होते.

रायगडच्या किनाऱ्यावर मात्र नारळाचे सोडण हाताशी आहे. काथ्याच्या धाग्यांतही हवा अडकून राहते. सोडण भिजवून कुटावे, धागे सोडवून दोरी वळावी आणि ती चक्राकार गुंडाळून टाके घालावेत, म्हणजे जाड चुंबळ तयार होते. ओल्या काथ्यातून उष्णता लवकर उतरते, म्हणून चुंबळ उन्हात वाळवूनच वापरावी. काथ्या ज्वलनशील असल्याने ती पेटत्या चुलीपासून दूर ठेवणे आवश्यक आहे.

काथ्या उद्योगाच्या विकासासाठी १९५३ च्या कायद्यान्वये कॉयर बोर्ड स्थापन झाले. अलिबाग, रेवदंडा, मुरूड परिसरातील शाळांनी कार्यानुभवाच्या तासाला ही चुंबळ करून घेतल्यास विद्यार्थ्यांना विज्ञानाचा पाठ मिळेल. आणि ग्रामपंचायतींनी बचत गटांना प्रोत्साहन दिल्यास जळणात जाणाऱ्या सोडणाचे मोल होईल.